देवांचा अस्त आणि दैत्यांची गावे

बुलढाणा जिल्ह्यातील दोन मोठ्या गावांची नावे लोककथेत हरलेल्या दैत्यांवरून सांगतात. ती गावे मेहकर आणि लोणार. मेहकर हे मेघंकर दैत्याचे, लोणार लवणासुराचे. मेघंकराला शारंगधर विष्णूने मारले, लवणासुराला दैत्यसूदन विष्णूने. देव जिंकले, देवळे त्यांची झाली, पण गावाचे नाव दैत्याकडेच राहिले. जगातल्या पुराणकथांत देवादिकांचा अस्त कसा होतो, हे पाहण्याआधी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत.

देवांच्या विनाशाची सर्वांत निखळ कथा उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांची आहे. तिचे मुख्य आधार दोन. एक जुने काव्य, ज्यात एक भविष्यवेत्ती ओडिन देवाला जगाचा आरंभ आणि शेवट सांगते. आणि दुसरा, आइसलँडचा विद्वान स्नोरी स्टुर्लुसन याने 1220च्या सुमारास लिहिलेला गद्य ग्रंथ. या शेवटाला ‘रॅग्नरॉक’ म्हणतात, म्हणजे देवांची अखेरची नियती. आधी बाल्डर हा सर्वांचा लाडका देव लोकी या कपटी देवाच्या डावाने मरतो. मग मध्ये उन्हाळाच न येता लागोपाठ तीन हिवाळे पडतात, भाऊ भावाच्या जिवावर उठतो, लांडगे सूर्यचंद्र गिळतात. बांधून ठेवलेला फेनरिर लांडगा सुटतो आणि ओडिनला गिळतो. थॉर देव पृथ्वीला वेढून असलेल्या महासर्पाला मारतो, पण त्याच्या विषाने नऊ पावलांत स्वतः कोसळतो. हाइमडाल हा देव आणि लोकी एकमेकांना मारतात. अखेरीस सुर्त नावाचा अग्निराक्षस सगळे जग जाळतो आणि जमीन समुद्रात बुडते.

या कथेचे मोठेपण संहारात नाही. ओडिनला हे सारे आधीपासून ठाऊक असते. ज्ञानासाठी त्याने एक डोळा गहाण टाकलेला आहे आणि त्या ज्ञानात स्वतःचा मृत्यूही आला आहे. तरीही तो वीर गोळा करतो, सैन्य उभे करतो आणि हरणार असलेल्या लढाईला जातो. मृत्यू टाळण्याचा वर मागणारा देव इथे नाही. आपल्याकडे असा वर हिरण्यकशिपूने मागितला आणि तोच त्याच्या अंगलट आला. नॉर्स कथेत मात्र संहारानंतर जळून बुडालेली भूमी पुन्हा हिरवी होऊन वर येते, बाल्डर मृत्युलोकातून परततो, थॉरची मुले बापाचा हातोडा उचलतात आणि एक मानवी जोडपे नव्या वंशाला आरंभ करते. हा शेवट लिहिला गेला तेव्हा आइसलँड ख्रिस्ती होऊन दोन शतके उलटली होती. इसवी सन 1000च्या सुमारास तिथल्या लोकसभेने धर्म बदलण्याचा निर्णय घेतला होता. त्यामुळे पुनर्जन्माच्या भागावर नव्या धर्माची छाया किती, हा वाद अभ्यासकांत जुना आहे.

भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे देव जगाबरोबर संपत नाहीत; त्यांना त्यांचीच मुले पदच्युत करतात. ग्रीक कवी हेसिअडने ही वंशावळ सांगितली. युरेनसला त्याचा मुलगा क्रोनसने विळ्याने खच्ची केले. क्रोनसने आपल्यावर तीच वेळ येईल या भीतीने मुले गिळली. वाचलेल्या झ्यूसने दहा वर्षांच्या युद्धानंतर बापाला आणि टायटनांना पाताळात कोंडले. आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती लोकांच्या मृत्फलकांत कुमार्बी देव याच तऱ्हेने अनूचे सिंहासन घेतो आणि त्याच्याकडून ते वादळदेव तेशुबकडे जाते. हित्तींची कथा ग्रीकांच्या कितीतरी आधीची असल्याने तीच पुढे पश्चिमेकडे गेली असावी. बॅबिलॉनमध्ये मर्दूक आदिमाता तियामतला चिरून तिच्या देहाचे आकाश आणि पृथ्वी करतो. सात फलकांचे ते काव्य नववर्षाच्या उत्सवात म्हटले जाई, म्हणजे जुन्या देवांचा पाडाव दर वर्षी नव्या राजसत्तेला बळ देई. इजिप्तमध्ये ओसिरिसला भाऊ सेत मारतो, पण तो मृतांचा राजा म्हणून राज्य करीतच राहतो.

भारतीय परंपरेत देवाला सहसा मृत्यू येत नाही. त्याचे पद उतरते. ऋग्वेदाच्या 1028 सूक्तांपैकी सुमारे पाव सूक्ते एकट्या इंद्राची. पुराणांत तोच इंद्र कुणाच्याही तपाने घाबरणारा, गोवर्धनाच्या प्रसंगी एका गोपबालकापुढे हार मानणारा झाला. ऋताचा स्वामी वरुण पाण्याचा अधिपती म्हणून उरला. इंद्र हे पद आहे, व्यक्ती नव्हे, असेही पुराणे सांगतात: प्रत्येक मन्वंतराचा इंद्र वेगळा आणि पुढच्या, आठव्या मन्वंतराचा इंद्र बळी. ज्याला वामनाने पाताळात घातले त्यालाच स्वर्गाचे राज्य ठरवून ठेवणारी ही परंपरा नॉर्स किंवा ग्रीक कथांपेक्षा मुळातच निराळी आहे.

महाराष्ट्राची भूमी तर हरलेल्यांना जागा देण्यात फारच उदार. जेजुरीच्या खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांना मारले. मणीने शरण येऊन देवाच्या सान्निध्यात जागा मिळवली आणि मल्लाचे नाव ‘मल्हारी’त कायमचे जडले. शेताच्या बांधावरचा म्हसोबा म्हणजे देवीने मारलेला महिषासुरच, असे प्रतिपादन दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी केले. म्हसोबाला देवीचा नवरा मानणारी ठाणीही त्यांनी नोंदवली. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873च्या ‘गुलामगिरी’त बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा मानून वामनाच्या कथेचा उलट अर्थ लावला. इतिहास म्हणून हे अर्थ सिद्ध करणे कठीण आहे. पण लोकमनात या पराभूतांविषयी जो ओलावा आहे, तो या विद्वानांनी नेमका हेरला.

बुलढाण्याच्या दोन कथांत हाच ओलावा दिसतो. लोणारचा लवणासुर जमिनीखाली लपून राहत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन दैत्याच्या बहिणींना मोहात पाडले, त्यांच्याकडून जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून त्याला मारले. (शत्रुघ्नाने मथुरेजवळ मारलेला लवणासुर निराळा.) सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि क्षार हे त्याचे मांस, असे लोक सांगत आले. भूशास्त्रानुसार सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकावर अशनी आदळून झाले. 2020 साली त्याला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. आकाशातून येणाऱ्या आघाताने जमीन फुटली, हे लोककथेत नाही. पण या खड्ड्यामागे एक भयंकर घाव आहे, हे तिने ओळखले होते. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात हा वध शिल्पात कोरलेला आहे.

मेहकरला 1888 साली जमिनीतून शारंगधर बालाजीची भव्य काळ्या पाषाणाची मूर्ती निघाली. इथे देवच काही शतके मातीखाली गेला होता, आणि दैत्याचे नाव मात्र वर गावात चालू होते. देव असेही जातात: युद्धात नव्हे, पूजा थांबल्याने. इजिप्तमधला चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात शिलालेख फिली बेटावर इसवी सन 394 मध्ये कोरला गेला; पुढे अनेक शतके ती लिपी वाचणाराही कुणी उरला नाही. ओडिनचे नाव इंग्रजीत बुधवारच्या नावात उरले, थॉरचे गुरुवारच्या.

महाराष्ट्रात कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, जिंकलेल्या वामनाची पूजा होत नाही. पूजा होते ती बळीची.