मारलवाईची वाट

'इच्छा तेथे मार्ग' या विषयावर आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा निबंध लिहिला असेल. या म्हणीत तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे. प्रबळ इच्छा असूनही ज्यांचे पाऊल पुढे पडत नाही, अशी माणसे आपण नित्य पाहतो. कोणाचे गणित अडते, कोणाचे शिक्षण अडते, कोणाचा संसार अडतो. आणि 'आता उपाय नाही' असे म्हणून माणूस स्वस्थ बसतो. अशा वेळी इच्छेला वाट सापडते ती कशी? याचे उत्तर देणारी एक घटना आपल्याच मुलखात घडून गेली आहे.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जंगल आणि जमीन यांवरील गोंडांच्या हक्कासाठी तो लढा होता. या असंतोषाचे मूळ शोधण्याचे काम पुढे निजाम सरकारने हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपवले. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. मौज अशी की, ते स्वतःच येथे अडकून पडलेले होते! त्यांना जावयाचे होते ईशान्येकडील नागा टेकड्यांत. परंतु १९३९ साली महायुद्ध पेटले. त्यांच्यापाशी जर्मन पारपत्र असल्यामुळे ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, आणि त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच राहावे लागले. नागांकडे जाण्याची वाट बंद झाली, तेव्हा त्यांनी संस्थानातील चेंचू, कोंडा रेड्डी आणि गोंड यांच्या जीवनाचा अभ्यास आरंभिला. त्यासाठी पत्नी बेट्टी यांच्यासह ते मारलवाई या गोंडांच्या गावी येऊन राहिले. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव आज कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते.

गोंड शेतकऱ्याची एक मोठी दुर्बलता तेथे त्यांच्या ध्यानी आली. जमीन कसणारा गोंड, परंतु तिचा कागद वाचणारा दुसराच! ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्या हातून जमीन कधी जाते हे त्याला कळतही नाही. तेव्हा शिक्षण हवे, हे तर उघड होते. पण ते द्यावे कसे? संस्थानाची राज्यभाषा उर्दू, आणि मुलांना समजे ती गोंडी. गोंडीत शिकवावे, तर पाठ्यपुस्तक नाही. पुस्तक करावे, तर ते शिकवणारा गोंड शिक्षक नाही. शाळा नाही म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून शाळा नाही, असे हे चक्र होते. येथे कोणीही हात टेकले असते.

१९४३ साली हे चक्र भेदण्याचा प्रयत्न मारलवाईत सुरू झाला. त्यातील युक्ती पाहण्यासारखी आहे. 'शिकलेले शिक्षक कोठून आणावेत?' हा प्रश्न बाजूला ठेवण्यात आला. 'येथे थोडेफार तरी अक्षर कोणाला येते?' एवढेच विचारण्यात आले. तेव्हा असे काही मोजके गोंड तरुण निघाले, ज्यांना मराठीची तोंडओळख होती. पंडितांच्या दृष्टीने ते अर्धशिक्षितच. पण बालकांना पहिली अक्षरे शिकवण्यापुरते भांडवल त्यांच्यापाशी होते. त्यांना मारलवाईत आणून शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. त्यांना परिचित होती ती देवनागरी लिपी. म्हणून गोंडीची पहिली पुस्तके देवनागरीतच छापली गेली. वस्तुतः गोंडी ही तेलुगूप्रमाणे द्राविडी कुळातील भाषा. देवनागरी ही काही तिची जन्माची लिपी नव्हे. पण नदी ओलांडायची असेल, तर नाव आपल्याच गावच्या सुताराने केलेली असावी, असा हट्ट कोण धरील?

आजही आपल्याला यातून पुष्कळ घेता येईल. अडलेला मनुष्य बहुधा आपल्यापाशी काय नाही याचीच यादी करीत बसतो, आणि ती यादी कधी संपत नाही. मारलवाईत जे होते त्याची यादी झाली, आणि अपुरे ज्ञानही त्या यादीत धरले गेले. दुसरे असे की, न सुटणारा मोठा प्रश्न फोडून त्यातून सुटण्याजोगा लहान प्रश्न काढण्यात आला. वाट सापडते ती बहुधा अशा लहान प्रश्नातूनच.

ही वाट पुढे तशीच राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९४८ साली निजामाची राजवट संपली, १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, शाळांतून तेलुगू आली, आणि ती गोंडी पुस्तके मागे पडली. परंतु तेवढ्याने त्या प्रयत्नाचे मोल कमी होत नाही. शिवाय, आपल्या जिल्ह्यातील गुंजाला गावी गोंडीच्या स्वतःच्या लिपीतील जुनी हस्तलिखिते जपलेली होती, हे अलीकडे उजेडात आले. २०१८ साली त्या लिपीला संगणकाच्या जागतिक अक्षरसंचातही स्थान मिळाले. म्हणजे 'आपल्यापाशी नाही' असे ज्याविषयी वाटत होते, ते शेजारच्या घरात जपलेले होते!

माझी मातृभाषा कोंकणी. बालपणी पहिला मराठी निबंध लिहावयास घेतला, तेव्हा तासभर वही कोरीच राहिली. आई म्हणाली, "पयलीं कोंकणींत सांग, मागीर बरय." आधी आपल्या भाषेत सांग, मग लिही. तो निबंध फार सुंदर झाला नाही, पण झाला.

गतवर्षी घरी गोंडी बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने अशीच कोरी उत्तरपत्रिका माझ्या हाती दिली. शाळा सोडून कापूस वेचावयास जाण्याचे त्याने मनाशी ठरविले होते. त्याला मला आईचेच शब्द सांगता आले. रात्री शेतात माचाणावर बसून रानडुकरे कशी हाकतात, हे त्याने प्रथम गोंडीत आपल्या मित्राला सांगितले. मित्राने ते मराठीत मांडावयास साहाय्य केले. दहा वाक्ये कागदावर उतरली. त्यांत सात चुका होत्या. तो आजही वर्गात बसतो, आणि आता त्याच्या चुका सातांहून कमी असतात.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळी अडाल तेव्हा खाली बसण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या, आणि आपल्यापाशी काय काय आहे ते लिहून काढा. अर्धवट येणारी गोष्टही त्यात लिहा. शेजाऱ्याला काय येते तेही लिहा. मारलवाईची शाळा अशाच यादीतून उभी राहिली होती.