नाईलच्या मुखाशी बुडालेलं बंदर

पोरांनो, इजिप्त म्हटलं की तुम्हाला पिरॅमिड आठवतात. मला आठवतं हेराक्लिऑन. सिकंदराने अलेक्झांड्रिया वसवली, त्याच्याही आधीचं हे बंदर. ग्रीक गलबतं इथे थांबायची, जकात भरायची आणि मग नाईलमधून वर जायची. नदीच्या मुखाशी बेटांवर वसलेलं हे शहर. मधून कालवे आणि अमून देवाचं भलंमोठं देऊळ. पुढे ते असं नाहीसं झालं, की किनाऱ्यावर त्याची खूणही उरली नाही.

२००० साली फ्रान्सच्या फ्रांक गॉडिओ यांच्या चमूला ते सापडलं, अबू कीरच्या आखातात. किनाऱ्यापासून सुमारे ६.५ किलोमीटर आत, पण खोली जेमतेम १० मीटर! मग इतकी शतकं दिसलं कसं नाही? अहो, पाणी गढूळ आणि वर गाळाचा थर. म्हणून त्यांनी शोधासाठी चुंबकमापक वापरला. पुरलेल्या वस्तूंमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात पडणारा बारीकसा फरक हे यंत्र टिपतं.

आता शहर बुडालं कसं, ते ऐका. समुद्रावर गेलात की लाटेच्या काठाला ओल्या वाळूत उभे राहा आणि पाय भराभर हलवा. घट्ट वाळू लगेच पातळ होते, पाय आत जातात. पाण्याने भरलेल्या मातीचे कण एकमेकांवर टेकलेले असतात, म्हणून ती भार पेलते. हादरा बसला की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांचा आधार सुटतो आणि माती पाण्यासारखी वागते. याला द्रवीकरण म्हणतात. नाईलने आणलेल्या अशाच गाळावर दगडी देवळं उभी होती. भूकंप झाले, महापूर आले, जमीन खचत गेली, आणि इसवी सनाच्या आठव्या शतकापर्यंत उरलंसुरलंही पाण्याखाली गेलं.

पण त्याच गाळाने केवढं राखून ठेवलं! पुराचा देव हापी, त्याची ५.४ मीटर उंचीची लाल ग्रॅनाइटची मूर्ती वर आली. पहिल्या नेक्तानेबो राजाचा शिलालेख तर जवळजवळ अखंड मिळाला. इजिप्तच्या लोकांचं थोनिस आणि ग्रीकांचं हेराक्लिऑन हे एकच शहर, हे त्याच लेखाने पक्कं झालं. जमिनीवर असते, तर हे दगड लोकांनी केव्हाच घरांना लावले असते.

मला सगळ्यात आवडतात ती गलबतं. ६० हून जास्त सापडलीत. हिरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहिलं होतं, की नाईलवरचे नावाडी बाभळीच्या आखूड फळ्या विटांसारख्या रचून बारिस नावाची नौका बांधतात. अशी नौका कोणी पाहिली नव्हती, म्हणून त्या वर्णनावर अभ्यासक वाद घालत राहिले. मग इथल्या १७ क्रमांकाच्या गलबतावरचा गाळ काढला, तेव्हा बाभळीच्या जाड फळ्या दिसल्या, बऱ्याच अंशी त्याने सांगितलेल्या रीतीनेच जोडलेल्या.