दुसरा डोळा कशासाठी?



सातपूर ही कारखान्यांची वस्ती आहे. १९६२ च्या १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढील काळात त्र्यंबक रस्त्याच्या आजूबाजूला जेथे शेते होती तेथे यंत्रे फिरू लागली. तेव्हा हत्यार कसे पारखावे हे येथल्या माणसाला निराळे सांगावयास नको. लेथवर काम करणारा कारागीर मायक्रोमीटर घेताना त्याच्या पेटीवरची वेलबुट्टी पाहत नाही. माप खरे उतरते की नाही एवढेच पाहतो. पण तोच कारागीर संध्याकाळी मोबाइल फोन घ्यावयास दुकानात गेला म्हणजे पाठीवरची भिंगे मोजू लागतो. एकापेक्षा दोन बरी, दोहोंपेक्षा तीन बरी, असा हिशेब मनाशी होतो आणि पगारातले कष्टाचे पैसे गल्ल्यात जातात. हा हिशेब बरोबर आहे काय? फोनला दुसरा कॅमेरा देण्यामागे हेतू कोणता, आणि तो हेतू प्रत्येक फोनमध्ये साधतो काय, हे आज पाहावयाचे आहे.

आधी एक साधा प्रयोग करू या. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. डावा डोळा मिटून पाहा, मग उजवा मिटून पाहा. अंगठा जागेवरच असतो, पण मागच्या खांबाच्या मानाने तो एकदा इकडे आणि एकदा तिकडे सरकल्यासारखा दिसतो. अंगठा नाकाजवळ आणला तर ही उडी मोठी होते. लांब नेला तर लहान होते. ज्योतिषशास्त्रात याला पराशय म्हणतात आणि ताऱ्यांची अंतरे याच युक्तीने काढतात. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा-साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर आहे. त्यामुळे दोन्ही डोळ्यांतली चित्रे किंचित निराळी पडतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. म्हणूनच एक डोळा मिटून सुईत दोरा ओवणे कठीण जाते. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप नावाच्या उपकरणाने हे तत्त्व सिद्ध करून दाखविले. दोन सपाट चित्रे दोन डोळ्यांना निरनिराळी दाखविली की पाहणाऱ्याला खोली दिसते, हा त्या उपकरणाचा चमत्कार.

हेच तत्त्व आपल्या देशाने आकाशात नेले. ५ मे २००५ रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्थेने कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. त्याच्यावर दोन कॅमेरे होते. एक पुढच्या बाजूला २६ अंश कललेला, दुसरा मागच्या बाजूला ५ अंश. सुमारे ६१८ किलोमीटर उंचीवरून जाताना तीच जमीन पहिल्या कॅमेऱ्याला आधी दिसे आणि सुमारे पन्नास सेकंदांनी दुसऱ्याला. त्या अवधीत उपग्रह साडेतीनशे किलोमीटर पुढे गेलेला असे. म्हणजे हे दोन डोळे जणू तितक्या अंतरावर बसविलेले होते! त्या दोन चित्रांतल्या फरकावरून डोंगरदऱ्यांची उंची काढीत आणि नकाशे बनवीत. येथे दुसरा कॅमेरा शोभेचा नव्हता. तो काढला असता तर चित्र मिळाले असते, पण उंची मिळाली नसती.

आता फोनकडे वळू. फोनची अडचण त्याच्या अंगलटीत आहे. तो जेमतेम आठ मिलिमीटर जाड. लांबचे जवळ आणावयाचे तर भिंगाचे केंद्रांतर वाढवावे लागते, म्हणजे भिंग आणि पडदा यांत जागा लागते. मोठ्या कॅमेऱ्याचे नळकांडे पुढे सरकते ते यासाठीच. फोनमध्ये नळकांडे सरकावयास जागा कोठून आणावी? मग चित्र नुसते ताणून मोठे करतात. वर्तमानपत्रातले चित्र भिंगाखाली धरले तर ठिपके मोठे होतात, चेहरा काही अधिक स्पष्ट होत नाही. तसाच हा प्रकार. १२ मेगापिक्सेलच्या चित्राचा मधला भाग कापून दुप्पट केला तर हाती खरे ३ मेगापिक्सेलच राहतात. यावर तंत्रज्ञांनी तोड काढली ती अशी, की एकच भिंग मागेपुढे सरकविण्याऐवजी निरनिराळ्या केंद्रांतरांची दोन भिंगे शेजारी बसवावी. सप्टेंबर २०१६ मध्ये बाजारात आलेल्या आयफोन ७ प्लसमध्ये असेच केले होते. दुसऱ्या भिंगाचे केंद्रांतर पहिल्याच्या दुप्पट मानावे इतके होते. पुढे काही फोनांत भिंगे आडवी निजवून काचेच्या लोलकाने प्रकाश काटकोनात वळविण्याची युक्तीही आली. पाणबुडीतल्या दुर्बिणीचीच ती धाकटी बहीण.

हा दुसऱ्या डोळ्याचा एक उपयोग झाला. दुसरा उपयोग याच्या उलट, म्हणजे अधिक रुंद पाहण्याचा. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्लीत उभे राहून वाड्याचा सबंध दर्शनी भाग चित्रात घ्यावयाचा तर मागे सरकावयास जागा नसते. पाठ समोरच्या भिंतीला टेकते. अशा वेळी रुंद दृष्टीचे भिंग कामास येते. एलजी कंपनीने २०१६ च्या जी-५ या फोनमध्ये १३५ अंश पाहणारे भिंग दिले होते. तिसरा उपयोग अंधुक उजेडातला. रंगीत चित्र घेणाऱ्या संवेदकाच्या प्रत्येक ठिपक्यावर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसविलेली असते आणि ती येणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग अडविते. गाळणी काढून टाकली तर रंग जातो, पण उजेड पुष्कळ मिळतो. म्हणून हुआवे कंपनीने २०१६ च्या पी-९ मध्ये एक संवेदक रंगीत आणि दुसरा कृष्णधवल ठेवला. एकाने रंग सांगावा, दुसऱ्याने बारकावे सांगावे, आणि आतल्या गणकयंत्राने दोहोंचा मेळ घालावा, अशी ती वाटणी.

चौथा उपयोग सर्वांत लोकप्रिय, आणि घोटाळाही त्यातच जास्त. लग्नसमारंभातले चित्र आपण पाहतो. नवरीचा चेहरा रेखीव आणि मागचा मांडव मऊ, धुकटलेला. छायाचित्रकाराच्या ८५ मिलिमीटर केंद्रांतराच्या चांगल्या भिंगाचे तोंड सत्तेचाळीस मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठे असते. एवढ्या मोठ्या तोंडामुळे एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट येते आणि बाकीचे विरघळते. फोनच्या भिंगाचे तोंड मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, दोन-सव्वादोन मिलिमीटरांचे. त्यात जवळचे-दूरचे जवळजवळ सारखेच स्पष्ट उमटते. मग धुके आणावे कोठून? ते गणिताने आणतात. दोन भिंगांच्या दोन चित्रांतला फरक मोजावयाचा, कोणता ठिपका जवळचा आणि कोणता लांबचा हे ठरवावयाचे, आणि लांबच्या ठिपक्यांवर धुके पसरावयाचे. आयफोन ७ प्लसमध्ये भिंगे सप्टेंबरातच होती. हे धुके मात्र ऑक्टोबरमध्ये आज्ञावली बदलल्यावर आले. म्हणजे डोळा आधी आला आणि अक्कल मागून आली!

या गणिताची मर्यादाही समजून घ्यावी. फोनमधल्या दोन भिंगांत अंतर फार तर एक सेंटिमीटर धरू. भिंगाचे खरे केंद्रांतर चार मिलिमीटर आणि संवेदकावरचा एक ठिपका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून किंचित मोठा, असे मानले तर एक मीटरवरचा माणूस दोन चित्रांत सुमारे तीस ठिपके सरकलेला दिसतो. दहा मीटरवरचा तीनच ठिपके सरकतो. शंभर मीटरवरचा एक ठिपकाही नाही. म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाचे अंतर फोनला चांगले कळते, अंगणापलीकडचे अंधूक कळते, आणि पांडवलेणीचा डोंगर व त्याच्या मागचे आकाश दोन्ही त्याला सारखीच. शिवाय दोन चित्रांत तोच बिंदू ओळखता आला पाहिजे. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर ओळखण्याजोगी खूणच नसते. काचेचा पेला, चकाकणारा तांब्या, वाऱ्यावर उडणारी केसांची बट येथे हिशेब चुकतो आणि चष्म्याची दांडी किंवा गजऱ्याची कड धुक्यात बुडते. जे चित्र पुरावा म्हणून उपयोगी पडावयाचे, उदाहरणार्थ भिंतीची चीर किंवा अपघातानंतरची गाडी, ते या पद्धतीने कधी काढू नये. धुके घातलेले चित्र सुंदर असते. सगळे सांगणारे नसते.

आता मुख्य प्रश्न. या धुक्यासाठी दुसरे भिंग हवेच काय? गूगलने २०१७ मध्ये पिक्सेल २ हा फोन काढला. त्याच्या पाठीवर भिंग एकच होते. त्याच्या संवेदकाचा प्रत्येक ठिपका दोन अर्धांत विभागलेला होता. डावा अर्धा भाग भिंगाच्या एका बाजूने पाही, उजवा दुसऱ्या बाजूने. त्या दोन दृष्टींतले अंतर मिलिमीटरहूनही कमी. पण माणसाची आकृती ओळखण्यास शिकविलेल्या आज्ञावलीची जोड मिळाली आणि काम साधले. दुसरीकडे दोन भिंगे असूनही फारसे न साधल्याची उदाहरणे आहेत. २०११ मध्ये एचटीसी आणि एलजी यांनी त्रिमितीय चित्रे घेणारे दोन भिंगांचे फोन काढले होते. लोकांची हौस लवकरच फिटली. पुढे स्वस्त फोनांच्या पाठीवर अवघ्या २ मेगापिक्सेलची ‘खोली मोजणारी’ भिंगे आली. अशा पुष्कळ फोनांत मुख्य भिंगाच्या जोरावरच चित्र निघते आणि दुसरे भिंग जाहिरातीतला आकडा वाढविण्यापुरते असते. शेतात उभे केलेल्या बुजगावण्यालाही डोळे दोन असतात. त्याला दिसते असे कोणी म्हणत नाही.

याच त्र्यंबक रस्त्याच्या एका टोकाला, त्र्यंबकेश्वरी, १८७० मध्ये दादासाहेब फाळक्यांचा जन्म झाला आणि दुसऱ्या टोकाला, नाशकात, १९४४ मध्ये त्यांचा अंत झाला. १९१२ साली त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. त्या हाताने फिरवावयाच्या कॅमेऱ्याला भिंग एकच. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबत थांबत, एकेक चित्र घेऊन टिपली आणि पडद्यावर बी अंकुरताना दाखविले. माणसाच्या डोळ्याला कधीच न दिसणारी गोष्ट त्यांनी एका भिंगातून दाखविली. यंत्राची किंमत त्यातून नवे काय दिसते यावर ठरते, हे याहून सोपे करून सांगता येणार नाही.

तेव्हा दुकानात गेल्यावर तीन परीक्षा कराव्या. एक : कॅमेरा उघडून एकेका भिंगावर बोट ठेवावे. कोणत्याही रीतीत बोट ठेवून चित्रात काहीच फरक पडत नसेल तर ते भिंग बिनकामाचे समजावे. दोन : लांबच्या फलकाचे चित्र दूरदर्शी भिंगाने घ्यावे, मग मुख्य भिंगाने घेऊन ताणावे, आणि अक्षरे कोणत्यात वाचता येतात ते पाहावे. ही परीक्षा दुकानाच्या कोपऱ्यातल्या अंधुक उजेडातही करावी, कारण उजेड कमी झाला की कित्येक फोन दूरदर्शी भिंग गुपचूप बाजूला ठेवून मुख्य भिंगाचेच चित्र कापून देतात. तीन : जवळच्या माणसाला उभे करून धुक्याचे चित्र घ्यावे आणि केस, कान, चष्मा यांच्या कडा मोठ्या करून पाहाव्या. या तिन्ही परीक्षांना पाच मिनिटे पुरतात आणि पैसा लागत नाही. लांबचे, रुंद किंवा अंधारातले चित्र घेण्याची आपल्याला खरोखर गरज असेल आणि फोन परीक्षेस उतरला, तर दुसऱ्या भिंगाचे पैसे खुशाल द्यावे. गरज नसेल तर एका चांगल्या भिंगाचा फोन घेऊन उरलेले पैसे घरी न्यावे.