डब्यावर आठ, मीटरवर सहा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घोडेगावच्या घरात उदबत्तीच्या वासात दुसरा एक वास मिसळला. राळ जळाल्यासारखा, घशाला झोंबणारा. पाठोपाठ गाण्याची उजवी बाजू गप्प झाली. वडिलांनी धावत जाऊन ॲम्प्लिफायरचं बटण बंद केलं. तो त्यांचा फार जिव्हाळ्याचा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून गावातल्या मेकॅनिककडून जोडून घेतलेला. मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर टू-एन-३०५५ जातीचे धातूचे, पतंगाच्या आकाराचे चार ट्रान्झिस्टर. त्यातले दोन त्या संध्याकाळी गेले.

चूक माझी होती. अंगणातही गाणी ऐकू यावीत म्हणून मी जुन्या जीपचे दोन स्पीकर उजव्या बाजूच्या स्पीकरच्या डब्याच्याच तारांना पिळून जोडले होते. आवाज छान मोठा झाला, म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककाकांनी झाकण उघडलं आणि मला विचारलं, “अरे, विहिरीवरची मोटर चालू करून व्हॉल्व पुरता मोकळा सोडला, तर अँपिअरचा काटा काय करतो?”

“वर जातो.”

“आणि तसाच ठेवला तर?”

“मोटर जळते.”

“मग तेच झालंय हे.”

आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याला यापेक्षा वेगळं काही सांगावं लागत नाही. पाइपात पाण्याला अडथळा राहिला नाही की पंप जास्त पाणी फेकतो आणि मोटरवर लोड येतो. स्पीकरचा ओहमचा आकडा म्हणजे विजेच्या वाटेतला हाच अडथळा. आकडा जितका लहान, तितकी वाट मोकळी आणि ॲम्प्लिफायरवरचा भार जास्त. चार हा आकडा आठापेक्षा लहान दिसतो, म्हणून चार ओहमचा स्पीकर हलका असेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे.

हिशेब करून पाहू. जॉर्ज ओहमचा नियम १८२७ सालचा, आजही तोच पुरतो. ॲम्प्लिफायरने २० व्होल्ट दिले, तर ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर जातात आणि ५० वॅट होतात. ४ ओहमला ५ अँपिअर, १०० वॅट. आता माझी करामत: घरचा ८ ओहमचा डबा आणि जीपचे ४-४ ओहमचे दोन स्पीकर, सगळे एकाच जोडावर. ही समांतर जोडणी. तिचा एकत्रित अडथळा भरतो १.६ ओहम. त्याच २० व्होल्टला साडेबारा अँपिअर! गाडीतले स्पीकर सहसा ४ ओहमचे असतात, कारण १२ व्होल्टच्या बॅटरीतून जास्त वॅट काढायचे तर वाट मोकळी लागते. घरच्या ॲम्प्लिफायरला ते जोडण्याआधी म्हणूनच थांबावं. एकाच बाजूला दोन स्पीकर लावायचेच असतील आणि ॲम्प्लिफायरच्या मागे लिहिलेला किमान आकडा ८ असेल, तर एकामागे एक, म्हणजे मालिकेत जोडावेत. ८ आणि ८ मिळून १६ होतात. आवाज थोडा दबतो, पण यंत्र जगतं.

तो ‘ओहम’ नुसता तारेचा रोध नसतो. काकांनी मीटरच्या पिना डब्याच्या टोकांना लावल्या. मागे ८ लिहिलेलं, मीटर सहाच्या आसपास. मला वाटलं डबा खराब आहे. तसं नव्हतं. मीटर मोजतो तो कॉइलच्या तारेचा स्थिर विजेला असलेला रोध. गाण्यातली वीज सारखी दिशा बदलते, आणि तिला होणाऱ्या एकूण अडथळ्याला ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ साली ‘इम्पीडन्स’ हा शब्द दिला, मराठीत संरोध. तो सुरागणिक बदलतो. ढोलकीच्या खर्जात एका ठरावीक जागी स्पीकरचा कागदी पडदा आपल्या मर्जीने झुलू लागतो, तिथे तोच ‘आठ’ वीस-तीसच्याही वर चढतो, पुढे उतरतो, तार सप्तकाकडे कॉइलमुळे पुन्हा वाढतो. म्हणजे डब्यावरचे ८ हे नावापुरते. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की संरोध या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली उतरू नये, म्हणजे आठाचा ६.४ पेक्षा कमी होऊ नये. लेबल पुसट झालेल्या जुन्या डब्याला मीटर लावून पाहावा: सहा-सात दिसले तर आठचा, तीन-साडेतीन दिसले तर चारचा.

‘मॅचिंग’ या शब्दाने फार घोटाळा केला आहे. दोन्हीकडचे आकडे सारखे हवेत, असं लोक समजतात. जवळच खोडदला प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. तिथे खरोखरच आकडे जुळवावे लागतात. आकाशातून आलेला अतिक्षीण संदेश केबलमधून नेताना दोन टोकांचा संरोध केबलशी जुळला नाही, तर त्यातला काही भाग माघारी फिरतो. घरच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आतला रोध मात्र ओहमच्या एखाद्या अंशाइतकाच असतो, आणि तो तसाच हवा. तो ८ असता तर निम्मी शक्ती आतच तापून गेली असती. आपल्याला एवढंच पाहायचं आहे: स्पीकरचा आकडा ॲम्प्लिफायरच्या मागे लिहिलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नये. ८च्या ठिकाणी १६ चालतो. ८च्या ठिकाणी ४ नाही. ज्या यंत्रांना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्या लागतात, त्यांवर बहुधा छापलेलं असतं की एकच जोडी वाजवताना ४ ओहम चालतील, दोन्ही वाजवताना ८ हवेत. ही सूचना लोक वाचतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

काचेच्या व्हॉल्वच्या, म्हणजे निर्वात नळ्यांच्या, जुन्या ॲम्प्लिफायरची गोष्ट वेगळी. व्हॉल्वला हजारो ओहमचा भार लागतो, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर. ५००० ओहमचे ८ करायचे तर वेढ्यांचं प्रमाण २५ला १, कारण संरोध प्रमाणाच्या वर्गाने बदलतो. मागे ४, ८, १६ अशी वेगळी टोकं दिलेली असतात, आणि तिथे स्पीकर ज्या आकड्याचा, त्याच टोकाला लावायचा. अशा यंत्राची स्पीकरची तार चालू असताना कधी काढू नये. ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरला उघडी तार चालते, एकमेकींना चिकटलेल्या तारा चालत नाहीत.

जत्रेतले कर्णे कसे चालतात, हे कोडं मला लहानपणी पडायचं. नारायणगावला राहुट्यांवर तमाशाची सुपारी दिली जाते, फड गावात येतो, आणि देवळापासून वेशीपर्यंत खांबाखांबावर कर्णे टांगलेले असतात. दहा कर्णे समांतर जोडूनही यंत्र कसं टिकतं? तिथे १०० व्होल्टची लाइन असते. प्रत्येक कर्ण्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर. १० वॅट घेणारा कर्णा लाइनला १००० ओहमचा दिसतो. दहा मिळून १०० ओहम, आणि पूर्ण १०० वॅटला अवघा १ अँपिअर. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा १०० मीटरचा जाऊन-येऊन रोध साधारण साडेतीन ओहम भरतो. ८ ओहमचा स्पीकर थेट तिच्या टोकाला लावला असता, तर जवळपास ३० टक्के शक्ती तारेतच गेली असती. लाइनवर ती तीनेक टक्के जाते. मंडपवाल्याला हे सूत्र पाठ नसेल, पण त्याची जोडणी चुकत नाही.

काकांनी नवे ट्रान्झिस्टर बसवले, डाग दिले, मग दीड व्होल्टचा सेल डब्याच्या टोकांना क्षणभर टेकवून दाखवला. टक्‌ आवाज आला, पडदा बाहेर आला. सेलचं अधिक टोक जिथे होतं तिथे त्यांनी लाल खूण केली. शेवटी पांढरा ऑइलपेंट आणि बारीक ब्रश मागवून मागच्या पत्र्यावर लिहिलं: ‘फक्त ८’.

ती अक्षरं आज पिवळट पडली आहेत. दिवाळीच्या पहाटे घोड नदीवरून गार वारा येतो, आंघोळी चालू असतात आणि ओसरीवर दोनच डबे वाजतात. अर्ध्या तासाने मी मागे हात घालून पत्रा चाचपतो. नुकत्याच भरलेल्या पोळ्यांच्या डब्याइतका कोमट असतो.