भाड्याची जागा आणि मालकाची जोखीम

हातकणंगले तालुका वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मध्यें वसला आहे. नदीकांठचें हिरवें रान पाहून शहरांतील मंडळींस तेथें तंबू ठोकून राहावेंसें वाटतें, यांत नवल नाहीं. राज्य सरकारनेंही २०२० सालीं कृषी पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे.

जागा भाड्यानें देणाऱ्या पुष्कळांचा समज असा कीं, ‘येणारा स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे’ एवढें लिहून घेतलें म्हणजे आपण सुटलों. तसें नाहीं. कठड्यावांचून असलेली विहीर, उघडी वीजतार, उसांतले साप हीं संकटें मालकास ठाऊक असतात, पाहुण्यास नसतात. म्हणून विहिरीस जाळी बसवावी, तारा झांकाव्या, वाटेवर रात्रीं दिवा ठेवावा. सर्पदंशावरील औषध जवळच्या कोणत्या रुग्णालयांत मिळतें, याची चौकशी आधींच करावी. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत आलेले महापूर स्मरून पावसाळ्यांत नदीकांठची जागा देऊंच नये.

करारही भाडेपट्ट्याचा करूं नये. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यांतील परवान्याचा करावा. पट्ट्यानें जमिनींत हक्क उत्पन्न होतो. परवान्यानें केवळ ठरल्या दिवसांपुरती वापराची मुभा मिळते, व ती सामान्यतः मागें घेतां येते. त्याच्या जोडीस विमाही असावा.

मात्र विमा नुकसान भरून देतो, गेलेला जीव नव्हे. यास्तव विहिरीची जाळी आधीं, करारावरील सही मागाहून, हा क्रम सोडूं नये.