रवाळ होऊ नये म्हणून

सेंद्रिय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बिनफवारणीची मेथी येते. सेंद्रिय सौरघटाचा त्या जुडीशी काही संबंध नाही. इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनी रेणूंचा, आणि नातं लावायचंच तर ते छापखान्याशी लावावं. १९८६ साली अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत चिंग टांग यांनी दोन रंगद्रव्यांचे पातळ थर एकावर एक चढवले. त्यातलं एक होतं कॉपर थॅलोसायनिन, म्हणजे छपाईच्या निळ्या शाईतलं नेहमीचं रंगद्रव्य. पडलेल्या उजेडातल्या जेमतेम १ टक्का ऊर्जेची त्यातून वीज झाली.

नेहमीच्या सौरघटातल्या सिलिकॉनवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन मोकळा होतो. कार्बनी रेणूत तो आपल्या रिकाम्या झालेल्या जागेला बांधलेलाच राहतो. ही जोडी साधारण १० नॅनोमीटर सरकते आणि विझते. तेवढ्यात इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ भेटला तर वीज, नाहीतर नुसती उष्णता. पण पुरेसं ऊन शोषायला थर १०० नॅनोमीटरच्या आसपास लागतो. १९९५ मध्ये सांता बार्बरा इथे ॲलन हीगर यांच्या गटाने थर रचण्याचा नादच सोडला. इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा, दोघांना एकाच द्रावणात कालवलं. आता जिथे तिथे शेजार.

हे कालवण सुकताना पाहावं. नायट्रोजन भरलेल्या काचपेटीत जाड रबरी हातमोज्यांतून हात घालायचे, काचेच्या चौकोनी तुकड्यावर द्रावणाचा थेंब सोडायचा आणि तुकडा मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी गरगरवायचा. काही सेकंदांत द्रावक उडून जातो. मागे निळसर पापुद्रा उरतो, त्यातून पलीकडचं दिसतं. घटाचं नशीब त्या सेकंदांत ठरतं. कढवलेलं तूप सावकाश निवलं की रवाळ होतं. घरात त्याचं कौतुक, इथे मात्र तो घात. कण मोठे झाले की जोडी काठापर्यंत पोचत नाही. फार बारीक मिसळलं तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडायला सलग वाट राहत नाही. म्हणून दोन्हींचा मध्य साधायला सावकाश उडणाऱ्या डाय-आयोडोऑक्टेनचे अगदी थोडे थेंब टाकतात. पुढे तेच आत उरून पापुद्रा नासवतात, ही त्यातली गंमत.

बरीच वर्षं घेणाऱ्याची जागा फुलरीन या कार्बनी रेणूकडे होती; तो ऊन फारसं शोषत नसे. २०१९ मध्ये चीनमधल्या झोऊ यिंगपिंग यांच्या गटाने वाय-६ हा रेणू आणला. तो अवरक्ताच्या काठापर्यंतचा उजेड शोषतो. पहिल्याच निबंधात कार्यक्षमता १५.७ टक्के. आता प्रयोगशाळेतले इवलेसे घट २० टक्क्यांच्या घरात आहेत.

टिकण्याचं काय? उन्हात तापला की पापुद्रा पुन्हा रवाळ होऊ पाहतो. ऑक्सिजन आणि दमट हवा आत शिरते. शेजारचा झिंक ऑक्साइडचा थर अतिनील किरणांत वाय-६सारखे रेणू तोडतो. म्हणून अतिनील गाळणारी फिल्म लावतात किंवा मध्ये आणखी एक थर घालतात. हीगर जिच्या संस्थापकांत होते, ती कोनार्का कंपनी असे लवचीक पट्टे विकायला निघाली होती. २०१२ मध्ये तिचं दिवाळं वाजलं.

घट मूळच्या ८० टक्क्यांवर यायला किती तास लागले, यावर टिकाऊपणा मोजतात. आकडे हजारांत छापून येतात. पण बऱ्याचदा घट नायट्रोजनमध्ये असतो आणि वरचा दिवा असतो पांढरा एलईडी, ज्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच. असा निबंध हाती आला की मी तासांच्या आधी दिवा कोणता ते पाहतो.