महायुद्धातून वाचलेलं, ठरावानं पाडलेलं चर्च

डिसेंबर १९४३ मधल्या बॉम्बहल्ल्यात लाइपझिग शहराचा मध्यभाग होरपळून निघाला. विद्यापीठाच्या इमारतींची राखरांगोळी झाली. त्यांना खेटून उभं असलेलं सेंट पॉल चर्च मात्र जवळजवळ धड राहिलं. त्याला सुरुंग लागला तो पंचवीस वर्षांनी, युद्ध नसताना.

हे चर्च मूळ डॉमिनिकन संन्याशांचं, १२४० साली समर्पित झालेलं. धर्मसुधारणेच्या लाटेत मठ बंद पडला, वास्तू विद्यापीठाच्या ताब्यात आली आणि १५४५ मध्ये खुद्द मार्टिन लूथरनं इथं उपदेश करून तिला विद्यापीठाचं चर्च केलं. बाखनं १७२७ मध्ये आपलं एक गाजलेलं शोकसंगीत इथं सादर केलं. १८४७ मध्ये मेंडेल्सझोनची अंत्यविधीची उपासनाही इथलीच.

युद्धात शहरातल्या कॅथलिकांचं चर्च गेलं, तेव्हा लूथरपंथीयांनी त्यांना सेंट पॉलमध्ये जागा दिली. कॅथलिक संन्याशांनी बांधलेल्या वास्तूत चारशे वर्षांनी पुन्हा मिस्सा होऊ लागली. १९६८ मध्ये बेघर झाल्या त्या अशा दोन मंडळ्या.

पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीला कार्ल मार्क्सच्या नावाच्या चौकात नवं समाजवादी विद्यापीठ हवं होतं. त्या नकाशात चर्चला जागा नव्हती. सत्तेचे सूत्रधार वाल्टर उल्ब्रिख्त जन्मानं लाइपझिगचेच. २३ मे रोजी नगरसभेत ठराव आला, विरोधात मत पडलं फक्त एक, तेही एका पाळकाचं. तो स्वर्गारोहणाचा सण होता. चर्चमधल्या शेवटच्या उपासना त्याच दिवशी झाल्या. मग आठवडाभर घाईघाईनं सामान हलवलं गेलं. वेदी वाचली, बऱ्याच स्मृतिशिला वाचल्या, थडगी उकरली गेली. ३० मे रोजी सकाळी दहा वाजता स्फोट झाला.

आता गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण २० जूनला आंतरराष्ट्रीय बाख स्पर्धेच्या कार्यक्रमात, भर सभागृहात, रंगमंचावर एक मोठा फलक आपोआप उलगडला: चर्चचं चित्र आणि पुनर्बांधणीची मागणी. गजराच्या घड्याळाची ही करामत ज्यांनी केली, त्यांतले दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ पुढं घडीच्या होडीतून काळा समुद्र ओलांडून तुर्कस्तानला निसटले. मागं राहिलेल्या काहींना तुरुंग भोगावा लागला.

कॅथलिकांना स्वतःचं नवं चर्च मिळालं १९८२ मध्ये, तेही गावाच्या मध्यापासून दूर. त्याला लवकरच तडे गेले. २०१५ मध्ये ही मंडळी पुन्हा शहराच्या मधोमध आली, थेट नगरसभागृहासमोर.

जर्मनी एक झाल्यावर सेंट पॉलचं काय करायचं, यावर कडाक्याचं भांडण जुंपलं. जसंच्या तसं उभारा, असं काहींचं म्हणणं; विद्यापीठाला ते नको होतं. राज्य सरकार पुनर्बांधणीच्या बाजूला झुकल्यावर २००३ मध्ये कुलगुरूंनी राजीनामा दिला. तोडगा निघाला तो डच वास्तुकार एरिक व्हान एगेराट यांच्या आराखड्यातून. बाहेरून चर्चची आठवण देणारी ‘पाउलिनुम’ ही वास्तू २०१७ च्या डिसेंबरात खुली झाली. आत एकीकडे जुनी वेदी नि उपासनेची जागा, दुसरीकडे विद्यापीठाचं सभागृह, मध्ये काचेची भिंत. १९६८ मध्ये वाचवलेलं पुलपिट बसवायचं की नाही, हा वाद मात्र उद्घाटनापर्यंत मिटला नव्हता.